पंखांऐवजी नळ्या : एक आगळा अग्निबाण

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक येथे पादत्राणांचे दुकान चालविणारे ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये पुठ्ठ्याच्या नळीचा, पुन्हा उडविता येणारा छोटा अग्निबाण तयार केला. त्या काळी धातूच्या नळीत स्फोटक द्रव्ये ठासण्याच्या नादात तरुण जायबंदी होत असत. तयार इंजिनामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला.

अशा अग्निबाणांच्या संचांत एक प्रकार लक्षवेधी आहे. त्यास पंख नसतात. त्यांच्या जागी मागील टोकाशी मुख्य नळीभोवती तेवढ्याच व्यासाच्या सहा आखूड नळ्या चिकटवितात. समान व्यासाची सहा वर्तुळे सातव्यास नेमके वेढतात, हे भूमितीचे तत्त्व येथे प्रत्यक्ष दिसते.

उड्डाण सरळ होण्यासाठी गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बसविलेला अग्निबाण गुरुत्वमध्यापाशी दोरीने बांधून गरगर फिरवावा. टोक पुढे राहिल्यास तो स्थिर समजावा. अन्यथा टोकात वजन घालावे.

प्रक्षेपण मोकळ्या मैदानात, विजेच्या साहाय्याने, किमान ५ मीटर अंतरावरून करतात. इंजिन न पेटल्यास विद्युतप्रवाह तोडून ६० सेकंद थांबणे आवश्यक असते. उंची गाठल्यावर इंजिनातील छोटा स्फोट टोक ढकलतो व हवाई छत्री उघडते.

इंजिन शाळेत वा घरी कदापि बनवू नये. मोजणे, जोडणे व पडताळणे एवढेच विद्यार्थ्याचे काम होय; विज्ञानाचे शिक्षणही त्यातच आहे.