दृश्यखंड-विक्रीसाठी व्हिडिओ फाइलचे स्वरूप
माहितीपट, जाहिराती इ. निर्मितींत वापरता यावेत म्हणून आधीच चित्रित करून ठेवलेल्या लहान दृश्यखंडांस ‘स्टॉक फुटेज’ म्हणतात. इंटरनेटवरून त्यांची विक्री करताना फाइलचे स्वरूप निवडावे लागते. या स्वरूपाची दोन अंगे असतात : चित्र व ध्वनी एकत्र बांधणारे वेष्टन (उदा., एमओव्ही, एमपी४) आणि चित्राचे संपीडन करणारी संकेतन पद्धती (कोडेक). एकाच वेष्टनात भिन्न कोडेक असू शकतात; त्यामुळे केवळ वेष्टनावरून गुणवत्ता कळत नाही.

२००३ मध्ये प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक बहुतेक चौकटींबाबत लगतच्या चौकटींहून असलेला फरकच साठवितो. त्यामुळे फाइल लहान होते. परंतु संपीडनात गेलेला तपशील परत मिळत नाही. त्याच्या नेहमीच्या ८ बिट रूपात प्रत्येक घटकाच्या २५६ पर्यंतच पातळ्या असल्याने, ग्राहकाने रंगदुरुस्ती केल्यास आकाशासारख्या मंद छटांत पट्टे उमटतात. ॲपल कंपनीचा प्रोरेझ ४२२ (२००७) प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे व १० बिटांत (१,०२४ पर्यंत पातळ्या) साठवितो. मात्र त्याच्या एचक्यू प्रकारात १,९२० × १,०८० बिंदूंच्या व सेकंदास सु. ३० चौकटींच्या २० सेकंदांच्या खंडास सु. ५५० मेगाबाइट जागा लागते.

८ बिट एच.२६४ मधील चित्रणाचे प्रोरेझमध्ये नुसते रूपांतर केल्यास आकार वाढतो, गुणवत्ता नव्हे. विक्रेत्याने रंगदुरुस्ती केली असल्यास मात्र दुसऱ्या संपीडनातील हानी प्रोरेझमुळे बव्हंशी टळते. मूळ फाइल नेहमी जतन करावी; कारण तिच्याहून सरस प्रत पुढे कोणत्याही स्वरूपात निर्माण करता येत नाही.