शिक्का आपल्या हाती

एकट्याने खेळावयाच्या व्हिडिओ गेममधील कथा म्हणजे निव्वळ करमणूक, असा ज्यांचा ग्रह असेल त्यांनी लुकस पोप यांचा २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’ अवश्य खेळावा. साल १९८२, अर्स्टोट्झ्का नामक काल्पनिक राष्ट्राची सरहद्द, आणि नाक्यावरील अंमलदार आपण. दस्तऐवज बिनचूक म्हणून एकास प्रवेश मंजूर करावा, तर जाता जाता तो मागून येणाऱ्या पत्नीस सांभाळून घेण्याची विनवणी करतो, आणि तिच्यापाशी नेमका प्रवेशपरवानाच नसतो! तिला सोडावे तर तत्काळ ताकीद येते, ताकिदी साचल्या की दंड, आणि उरल्यासुरल्या मिळकतीत घरच्यांचे अन्न, औषध नि ऊब भागवावयाची असते. कादंबरीत हा निर्णय लेखक घेऊन मोकळा होतो. येथे मात्र सल्ल्यास सोबती नाही, घड्याळ चालू आहे, आणि करुणेची किंमत आपल्याच कुटुंबाने मोजावयाची आहे. खेळाचे वीस निरनिराळे शेवट खेळणाराच्या अशाच निर्णयांतून फुटतात.