कृत्तिकांचे लिथियम

कार्तिकाच्या रात्री पूर्वेस उगवणारा कृत्तिकांचा पुंजका कोणी पाहिला नाही? परंतु नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या त्या सहा-सात निळसर ताऱ्यांविषयी मला येथे बोलावयाचे नाही. त्यांच्याच परिवारात, दुर्बिणीवाचून न दिसणारे, सूर्याहून थोडे लहान व थंड असे नारिंगी तारे पुष्कळ आहेत. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी एकाच मेघातून ही भावंडे जन्मली. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास लिथियमही सारख्याच प्रमाणात आले असले पाहिजे.

लिथियम हा मोठा नाजूक धातू. सुमारे २५ लक्ष अंश उष्णतेस तो प्रोटॉनच्या आघाताने फुटतो व त्याचे हेलियम होते. ताऱ्याच्या बाह्य थरांतील वायू, चुलीवरच्या आधणाप्रमाणे, सतत वरखाली होत असतो. हे अभिसरण पुरेसे खोल गेले, की पृष्ठावरचे लिथियमही तळाशी जाऊन जळते. किती उरले, ते वर्णपटाच्या तांबड्या भागातील ६७०८ अँगस्ट्रॉमवरची बारीक काळी रेषा सांगते. लिथियम कमी, तर तारा वृद्ध, असा ठोकताळा यावरून बसला.

कृत्तिकांपुढे तो टिकला नाही. डेव्हिड सोडरब्लोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले, की तेथील समान वयाच्या व समान तापमानाच्या ताऱ्यांतही लिथियमचे प्रमाण दहापटीहून अधिक भिन्न असते. कोणी अर्ध्या दिवसात स्वतःभोवती फिरतो, कोणास आठ दिवस लागतात; आणि लिथियम राखले आहे ते बहुधा वेगाने फिरणाऱ्यांनी!

अपेक्षा याच्या उलट होती. फिरणारा तारा चुंबकीय वाऱ्यामुळे मंदावतो, आतबाहेरच्या थरांत घर्षण होते व लिथियम खाली ढवळले जाते, हे गणित खोटे नव्हे. सूर्याच्या अभिसरण-थराचा तळ आज अवघा २२ लक्ष अंशांचा आहे. तरीही त्याच्या पृष्ठावर मूळ लिथियमचा शंभरावा हिस्साही उरलेला नाही. तो ऱ्हास बव्हंशी अशा संथ ढवळण्यानेच झाला असावा.

मग कृत्तिकांचे काय? एक मत असे, की शैशवात वेगवान ताऱ्यांची प्रबळ चुंबकीय क्षेत्रे अभिसरणास अडवितात, तारा किंचित फुगतो, तळ थंड राहतो व लिथियम वाचते. दुसरे मत मंद ताऱ्यांनाच दोषी धरते: भोवतालच्या वायूच्या तबकडीने त्यांचे पृष्ठ लवकर रोखले, गाभा मात्र फिरतच राहिला, आणि त्या ओढाताणीत लिथियम खर्ची पडले. मला पहिले अधिक पटते. वेगवान लघुतारे अपेक्षेहून फुगलेले असल्याचे मापनांतून दिसून आले आहे. अर्थात दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात, आणि कोणाचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.