पाच किलोवॉटचं बेट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून साधारण सोळा किलोमीटरवर, भर समुद्रात एग नावाचं बेट आहे. लांबी नऊ किलोमीटर, रुंदी पाच. वस्ती शंभराच्या थोडी वर. इथल्या कुठल्याही घराला एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त वीज ओढता येत नाही. विजेची किटली दोन-तीन किलोवॉट खाते, वॉशिंग मशीन पाणी तापवत असेल तर दोनेक. म्हणजे चहाचं पाणी आणि धुणं कसंबसं एकत्र निभतं. त्याच वेळी कुणी ओव्हन लावला की घर अंधारात. मग वीज कंपनीच्या माणसाला बोलवायचं आणि जोडणी पूर्ववत करण्याचे पैसे भरायचे. हा माणूस बहुधा ओळखीचा, नाहीतर शेजारचाच असतो. कंपनीही बेटाचीच.

घरांना पाच, दुकानं आणि इतर व्यवसायांना दहा किलोवॉट ही मर्यादा कुणा सरकारी खात्याने घालून दिलेली नाही. वीज यायच्या आधी बेटावरच्या लोकांनी चर्चा करून ती स्वतःच ठरवून घेतली. तिचं मोल कळायचं असेल तर आधी हे बेट कुणाचं होतं ते पाहायला हवं, कारण एगच्या इतिहासात लोकांनी काही ठरवावं असा प्रसंग फार उशिरा आला.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर जमीन पिढ्यान् पिढ्या मोजक्या घराण्यांच्या हातात राहिली. आजही स्कॉटलंडमधली निम्मी खासगी ग्रामीण जमीन पाचशेहून कमी मालकांच्या नावावर आहे. मालकाला तिथे लेअर्ड म्हणतात. आपल्या कोकणातला खोत डोळ्यांसमोर आणला की बरंचसं चित्र लक्षात येईल. बेट विकलं जायचं ते घरंदारं, गोदी, जंगल आणि कुळांसकट. १८४१ साली एगवर पाचशेच्या वर माणसं राहत होती. १८५३ मध्ये ग्रूलिन या वस्तीतली चौदा कुटुंबं मेंढ्यांच्या कुरणासाठी हलवली गेली. त्यांच्या घरांचे दगडी पाये अजून तिथे दिसतात. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टर म्हणवणाऱ्या छोट्या कुळांना संरक्षण मिळालं, त्यामुळे क्लीडेल भागातली क्रॉफ्ट टिकली. पण मालकाच्या घरात राहणाऱ्या आणि मालकाकडेच नोकरी करणाऱ्या बाकीच्यांना त्या कायद्याचा उपयोग नव्हता.

विसाव्या शतकात मालक बदलत राहिले. १९२५ पासून १९६६ पर्यंत रन्सिमन घराण्याने बेट बऱ्यापैकी सांभाळलं, असं जुने लोक सांगत. त्यानंतर विक्रीवर विक्री झाली. १९७५ मध्ये कीथ शेलेनबर्ग या उद्योजकाने ते घेतलं. बॉबस्लेच्या शर्यतीत ऑलिम्पिक खेळलेला, जुन्या मोटारींचा शौकीन माणूस. सुरुवातीला पर्यटन आणि कामं आली, पुढे रहिवाशांशी बिनसत गेलं. १९९४ च्या जानेवारीत त्याची १९२७ सालची रोल्स-रॉइस शेडमध्ये जळून गेली. आग कुणी लावली हे कधीच सिद्ध झालं नाही. वर्षभराने बेट मारुमा या नावाने चित्रं काढणाऱ्या एका जर्मन कलावंताकडे गेलं. त्याने मोठमोठे बेत जाहीर केले, बेटावर मात्र तो फारसा फिरकला नाही. बेट तारण ठेवून काढलेलं कर्ज थकलं आणि १९९६ मध्ये एग पुन्हा बाजारात आलं.

मालक चांगला की वाईट यावरच वर्तमानपत्रांची पानं भरली. खरी अडचण त्याहून कोरडी होती. घराचा लेखी, दीर्घ मुदतीचा भाडेकरार हातात नाही म्हणून छपराच्या दुरुस्तीला अनुदान मिळत नाही. अनुदान नाही म्हणून छप्पर गळतं. तरुण माणसाला घर बांधायला जागा नाही, म्हणून तो मुख्य भूमीवरच्या मॅलेग बंदराची बोट पकडतो आणि परत येत नाही. चांगला मालक मिळाला असता तरी ही साखळी तुटलीच असती असं नाही. तो आणखी काही वर्षांनी विकून गेला असता, एवढंच.

एगसाठी ट्रस्टची कल्पना १९९१ मध्ये आधी बेटाबाहेरच्या काही मंडळींनी मांडली. अ‍ॅलिस्टर मॅकिंटॉश हे त्यांतले एक. रहिवासी सुरुवातीला जपूनच होते, कारण उघड पाठिंबा द्यायचा म्हणजे घरमालकाशी वैर. १९९३ मध्ये मुख्य भूमीवरच्या असिंट भागात क्रॉफ्टर लोकांनी वर्गणी काढून अख्खी इस्टेट विकत घेतली आणि हे जमू शकतं हे सगळ्यांनी पाहिलं. एगवर रहिवासी संघ, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट अशी त्रिपक्षी संस्था, म्हणजे एग हेरिटेज ट्रस्ट, उभी राहिली. साधारण दहा हजार लोकांनी लहान-मोठ्या देणग्या पाठवल्या. पण रकमेचा मोठा हिस्सा एका महिलेने दिला, आपलं नाव कुठेही येऊ नये या अटीवर. एगची गोष्ट सांगताना लोकवर्गणीचा भाग ठळक होतो आणि ही देणगीदार बाई तळटिपेत जाते. ती नसती तर १५ लाख पौंड जमले असते का, याची शंकाच आहे. १२ जून १९९७ रोजी बेट ट्रस्टच्या ताब्यात आलं. तेव्हा तिथे पासष्टच्या आसपास माणसं उरली होती.

पहिली कामं अगदी रुक्ष निघाली. लोकांना पक्के भाडेकरार दिले. घरं दुरुस्तीला काढली. १९९८ मध्ये धक्क्याजवळ आन लायमरिग नावाची साधी इमारत झाली. दुकान, टपाल, चहाची खोली आणि हस्तकलेच्या वस्तूंची विक्री तिथे एका छपराखाली आली. मोठी फेरीबोट धक्क्याला लागू शकत नव्हती. माणसं, शेळ्यामेंढ्या, सिमेंटची पोती, सगळं भर पाण्यात छोट्या होडीत उतरवून किनाऱ्यावर आणावं लागे. २००४ मध्ये नवा धक्का बांधला आणि होडीतली ती चढउतार संपली.

राहिली वीज. मुख्य भूमीवरची वीज एगला कधीच पोचली नव्हती आणि समुद्राखालून केबल टाकण्याचा खर्च कुणाला परवडणारा नव्हता. त्यामुळे जवळपास प्रत्येक घराच्या मागे स्वतःचा डिझेल जनरेटर. इंधन बोटीतून आणायचं, पिंप लोटत न्यायचं, संध्याकाळी यंत्र सुरू करायचं आणि झोपताना बंद करायचं. रात्रभर फ्रिज चालवणं ही चैन होती. काही घरांनी ओढ्यावर छोटं जलचक्र बसवलं होतं, पण ओढा जवळ असणाऱ्यांनाच ते शक्य होतं.

१ फेब्रुवारी २००८ रोजी एग इलेक्ट्रिक ही ट्रस्टच्या मालकीची कंपनी सुरू झाली. या प्रकल्पाला १६ लाख पौंडांहून अधिक खर्च आला, म्हणजे बेटाच्या किमतीपेक्षा वीज महाग पडली. बराचसा पैसा युरोपीय निधी आणि लॉटरी निधीतून आला, रहिवाशांनीही जोडणीपोटी आपला वाटा भरला. बेटभर साधारण अकरा किलोमीटर केबल जमिनीखालून गेली. खांब आणि तारा उघड्यावर ठेवल्या असत्या तर अटलांटिकच्या वादळांनी दर हिवाळ्यात त्या जमीनदोस्त केल्या असत्या.

यंत्रणेचं सगळं चातुर्य हवामानाशी जुळवून घेण्यात आहे. पश्चिमेकडे लेग भागातल्या ओढ्यावर सुमारे शंभर किलोवॉटचं जलविद्युत यंत्र आहे आणि बेटावर आणखी दोन छोटी आहेत. आन स्गूर हा ३९३ मीटर उंचीचा काळा कडा बेटावर कुठूनही दिसतो. त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी सहा किलोवॉटच्या चार पवनचक्क्या बसवल्या. सौर पॅनेल सुरुवातीला थोडी होती, पुढे वाढवून पन्नास किलोवॉटपर्यंत नेली. हिवाळ्यात पाऊस आणि वारा भरपूर, ऊन जवळजवळ नाही. मे-जूनमध्ये ओढे आटतात, वारा पडतो, पण रात्री दहापर्यंत उजेड असतो. तीन साधनं एकमेकांच्या सुट्ट्या भरून काढतात. मध्ये बॅटऱ्यांचा साठा आहे. तोही अपुरा पडला तर दोन डिझेल जनरेटर आहेत. वर्षभराचा हिशेब केला तर नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वीज पाणी, वारा आणि उन्हातून येते.

जास्तीच्या विजेचं काय, हा प्रश्न मला टंचाईपेक्षा गमतीचा वाटतो. बेटाचं जाळं बाहेर कुठेच जोडलेलं नाही, तेव्हा उरलेली वीज विकता येत नाही. बॅटऱ्या भरल्या की जाळ्यातली वारंवारिता पन्नास हर्ट्झच्या किंचित वर जाऊ लागते. तो इशारा ओळखून सार्वजनिक इमारतींतले हीटर आपोआप चालू होतात. समाजमंदिर, चर्च, धक्क्यावरची इमारत फुकटात ऊबदार राहतात. वादळी रात्री, जेव्हा पवनचक्क्या जोरात फिरतात आणि ओढे दुथडी भरून वाहतात, नेमक्या तेव्हाच सभागृह गरम असतं. उरलेली वीज कुणा एकाच्या घरी न जाता सगळ्यांच्या जागेत जावी, हे इथे यंत्रातच बसवून टाकलेलं आहे.

पाच किलोवॉटची अटही याच विचारातून आली. मोठ्या घराला जास्त, पैसेवाल्याला जास्त असा हिशेब धरला असता तर यंत्रणा मोठी आणि कर्ज भारी झालं असतं. सगळ्यांना सारखी मर्यादा घातल्यामुळे छोटी यंत्रणा पुरते. लोकांनी घरात वीजवापर दाखवणारे मीटर बसवले. किती वापरतोय हे आकड्यात दिसलं की हात आपोआप आखडतो. कोरड्या दिवसांत जपून वापरा असा निरोप फिरतो आणि लोक धुणं पुढे ढकलतात. यंत्रांची देखभाल बेटावरच्याच प्रशिक्षित माणसांची टोळी अर्धवेळ करते. तारतंत्री मुख्य भूमीवरून येईपर्यंत वाट पाहायची म्हटली तर वादळात आठवडा सहज जाईल. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या ‘बिग ग्रीन चॅलेंज’ या स्पर्धेत एग विजेत्यांपैकी एक ठरलं. त्याच वर्षी अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला.

एकाच माणसाने तीन-चार कामं करणं ही एगवरची रीतच आहे. मेंढ्या पाळणारा धक्क्यावर फेरीबोटीचे दोर धरतो, दुपारी पाहुण्यांच्या खोल्या पाहतो आणि संध्याकाळी ट्रस्टच्या बैठकीला बसतो. बैठका तर न संपणाऱ्या. ट्रस्टच्या संचालक मंडळावर रहिवाशांचे चार प्रतिनिधी, शिवाय कौन्सिल आणि वन्यजीव संस्थेचेही. खेरीज रहिवासी संघ, वीज, घरं, जंगल यांच्या समित्या. शंभर माणसांच्या गावात समितीवर नसलेला माणूस शोधावा लागेल. थकवा येतोच, भांडणंही होतात. ज्याच्याशी काल सभेत वाद झाला त्याच्याकडूनच आज गॅसचं सिलिंडर उतरवून घ्यायचं असतं, त्यामुळे भांडण फार ताणून चालत नाही.

प्राथमिक शाळा बेटावर आहे. मोठ्या वर्गांसाठी मुलं मॅलेगला वसतिगृहात राहतात आणि शनिवार-रविवारी, बोट आली तर, घरी येतात. दरवर्षी जूनमध्ये, बेट ताब्यात आल्याच्या दिवसाच्या सुमारास, मोठी केइली होते. केइली म्हणजे गाणं, वाद्यं आणि नाच यांची रात्रभर चालणारी बैठक. ‘लॉस्ट मॅप’ हा स्वतंत्र संगीताचा लेबल एगवरूनच चालतो आणि त्याच्या महोत्सवांसाठी बेटाच्या वस्तीपेक्षा जास्त माणसं बोटीतून येतात. बेटावरच गोळा केलेल्या बियांपासून रोपं वाढवणारी रोपवाटिका आहे. इंटरनेटसुद्धा आसपासच्या बेटांबरोबर सामुदायिक तत्त्वावर उभं केलेलं. पर्यटन पुस्तिकांत मात्र पायाखाली किणकिणणारी वाळू आणि सोळाव्या शतकात धूर कोंडून माणसं मारलेली गुहा यांनाच मानाचं पान असतं.

एगला आदर्श गाव म्हणून मिरवणाऱ्यांनी काही गोष्टी विसरू नयेत. पाच किलोवॉटमध्ये घर गरम होत नाही, त्यासाठी अजून लाकूड आणि इतर इंधन जाळावं लागतं. वस्ती वाढली तशी विजेची मागणी वाढली. पहिली यंत्रं म्हातारी होत आहेत आणि ती बदलायला पुन्हा अनुदान लागणार. नव्या कुटुंबांना यायचं आहे, घरं पुरेशी नाहीत. बाहेरच्या पैशाशिवाय हे उभं राहिलं नसतं आणि पुढेही पूर्णपणे स्वतःच्या पायावर चालेल असं दिसत नाही. पण रस्ता, रेल्वे या गोष्टी ग्लासगोच्या माणसालाही सरकारी पैशातूनच मिळतात. त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही.

एगनंतर कायदाही बदलला. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने गावसमाजाला, जमीन विक्रीला निघाल्यास ती आधी विकत घेण्याचा हक्क मिळाला. गीया बेट त्याआधीच २००२ मध्ये, नॉर्थ हॅरिस २००३ मध्ये, साउथ यूइस्टची विस्तीर्ण इस्टेट २००६ मध्ये आणि चिमुकलं उल्वा २०१८ मध्ये लोकांच्या ताब्यात गेलं. आउटर हेब्रिडीजमधले बहुसंख्य लोक आज सामुदायिक मालकीच्या जमिनीवर राहतात.

पाहायला जायचं असेल तर फोर्ट विल्यमहून रेल्वेने मॅलेग गाठावं आणि तिथून बोट धरावी. बोट रोज नसते, वादळात तर मुळीच नसते, तेव्हा हाताशी एखादा दिवस जास्तीचा ठेवावा. पाहुण्यांना गाडी बेटावर नेता येत नाही. आणि मुक्कामाच्या घरी किटली लावण्याआधी ओव्हन चालू आहे का, एवढं विचारून घ्यावं.