वार्धक्य, खाट आणि जिना

वृद्ध माणूस आणि घर यांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने ‘नटसम्राट’च्या (१९७०) आधारे केला. ‘किंग लिअर’शी तुलना करताना भर राहिला तो सर्वस्वदानावर व बेघरपणावर. दिल्लीतील अनेक वृद्धांपाशी मात्र घर आहे; प्रश्न त्यात वावरण्याचा आहे. तो समजून घेण्यास उषा प्रियंवदा यांची ‘वापसी’ ही हिंदी कथा अधिक उपयोगी पडते. निवृत्त होऊन परतलेल्या गजाधरबाबूंची खाट बैठकीतून पत्नीच्या सामानाने भरलेल्या खोलीत सरकते. पुढे तेथेही तिची अडचण होते.

दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या चार मजली इमारतींत ही अडचण जिन्यावर येते. गुडघे थकले की स्वतःच्या मालकीचा तिसरा मजला बंदिवास होतो. न्हाणीघरातील निसरडी फरशी, आधाराच्या दांड्याचा अभाव, रात्रीचा अंधार ही पडण्याची कारणे अल्प खर्चात दूर होतात. जिन्याचे तसे नाही. केंद्र सरकारची २०१९ ची आदर्श मार्गदर्शक तत्त्वे निवृत्तांसाठी बांधलेल्या संकुलांपुरती आहेत. जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडता येते. परंतु तळमजल्यावरील रहिवाशाला तिचा लाभ नाही, उलट त्याचा उजेड अडण्याची भीती. आणि कित्येकदा तोही वृद्धच असतो.