पीळदार देह : कुळाचा, कष्टाचा आणि सुईचा

अंजनेरी गडाच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हां त्र्यंबककरांना बलोपासनेचा आदर कोणीं शिकवावयास नको. हनुमंताचें जन्मस्थान म्हणून तो गड आपण पूजितों, आणि समर्थांनीं नाशिकजवळ टाकळीस घातलेल्या सूर्यनमस्कारांच्या कथा मुलांना सांगतों. (आमच्या गांवीं ‘आखाडा’ म्हटलें कीं प्रथम साधूच डोळ्यांपुढें येतात, ही गोष्ट निराळी.) परंतु सोळा-सतरा वर्षांचा नातू मोबाइलवरील एखाद्या प्रचंड छातीच्या पुरुषाचें चित्र दाखवून “वर्षभरांत मी असा होईन” म्हणूं लागला, तर त्यास काय उत्तर द्यावें हें ठाऊक असलेलीं वडील माणसें फार थोडीं. “त्यापेक्षां अभ्यास कर” हें कांहीं त्याचें उत्तर नव्हे.

पीळदार देहाचें वेड नवें नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ऐन उमेदींत यूजेन सँडो याचीं पुस्तकें व साधनें आणवून सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें व्यायाम केला. सूर्यनमस्कारांकडे ते वळले ते त्यानंतर. हा सँडो १९०४-०५ मध्यें हिंदुस्थानांतही येऊन गेला. उंची सुमारें पावणेसहा फूट, वजन सुमारें पंच्याऐंशी किलो. आणि एवढ्यावर त्याची ख्याति जगभर पसरली होती. त्या काळीं कृत्रिम टेस्टोस्टेरोन अस्तित्वांतच नव्हतें. प्रयोगशाळेंत तें प्रथम तयार झालें १९३५ सालीं, आणि मेथँडिएनोनच्या गोळ्या बाजारांत आल्या १९५८ च्या सुमारास. म्हणजे सँडोच्या छायाचित्रांत दिसतो तो देह कुळाचा व कष्टाचा होय. आज व्यावसायिक स्पर्धांच्या व्यासपीठावर त्याच्याच उंचीचे पुरुष शंभर किलोंच्या वर भरतात, तेंही अंगावरील चरबी जवळजवळ नाहींशी करून. एवढें अंतर केवळ व्यायामशास्त्राच्या प्रगतीनें पडलें असें समजणें भाबडेपणाचें आहे.

मला सर्वांत बोलका वाटतो तो डॉ. शलेंदर भसीन व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेला प्रयोग. ४३ निरोगी पुरुषांचे त्यांनीं चार गट केले. दोन गटांस दहा आठवडे, दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन टोंचलें; इतर दोघांस औषध नसलेली सुई दिली. केवळ व्यायाम करणाऱ्यांचें चरबी वगळून वजन सुमारें दोन किलोंनीं वाढलें. औषध घेऊन व्यायाम मुळींच न करणाऱ्यांचें तीन किलोंहून अधिक वाढलें, आणि दोन्ही करणाऱ्यांचें सहा किलो. बसून राहिलेल्यानें घाम गाळणाऱ्यास मागें टाकलें! नातवाला हे आंकडे अवश्य दाखवावेत. त्याच्या मेहनतीची तुलना तो कशाशीं करीत आहे, हें त्यावरून त्यालाच उमजेल.

सुई बाजूस ठेवली तरी सर्वांचें बी सारखें नसतें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ५८५ स्त्रीपुरुषांकडून बारा आठवडे एकाच हाताचा एकसारखा व्यायाम करविला होता. कांहींचा स्नायु तिळभर वाढला नाहीं. एकाचा निम्म्याहून अधिक वाढला. एकच धडा साऱ्या वर्गास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं. स्नायूंच्या वाढीस लगाम घालणारें मायोस्टॅटिन नांवाचें द्रव्य जन्मतःच नसलेलें एक जर्मन बालक २००४ सालीं उजेडांत आलें. त्याच्या मांड्या जन्मापासूनच पीळदार होत्या. आपल्याकडील गोष्ट याच्या उलट. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासांत नवजात बालकांचें वजन सरासरीनें २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो भरलें. आणि उणीव होती ती चरबीची कमी व मांसाची अधिक. यांत अनुवंश किती आणि मातेचें पोषण किती हा वाद राहूं द्या. आपल्या मुलांची आरंभरेषा मागें आहे, एवढें खरें.

म्हणून ध्येय ठरवितांना पडद्याकडे न पाहतां वडील, काका व मामा यांच्या मनगटांकडे पाहावें. नवख्या तरुणास पहिल्या वर्षीं कांहीं किलो मांस चढतें. पुढें वेग मंदावतो. बारीक चणीचें दुःखही मानूं नये. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधरांनीं ज्या मल्लखांबास नवें वैभव दिलें, त्यावर अंगाचा भार हें ओझेंच असतें. खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें तें ५७ किलोंच्या गटांत. वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगितलें आहे. आजचे शिक्षक तें मान्य करणार नाहींत, पण वाढत्या वयांत अतिरेक नको हें तेही सांगतात. आहारांत डाळी, उसळी, दूध, दही भरपूर असावें.

सुईचा हिशेब मात्र निराळा. बाहेरून टेस्टोस्टेरोन मिळूं लागलें कीं शरीर स्वतःचें करणें थांबवितें. वृषणें आकसतात, संततीची आशा धोक्यांत येते. हृदयाचा स्नायु जाड होऊन दुबळा होतो, गोळ्यांनीं यकृत बिघडतें. वाढ पुरी न झालेल्या मुलाच्या हाडांचीं टोकें अकालीं मिटून उंचीच खुंटते. चिठ्ठीशिवाय हीं औषधें विकण्यास कायद्यानें मनाई आहे, तरी तीं मिळतात.

मुलगा या मार्गास लागलाच असेल, तर घरांत पंचायत भरवूं नये. एकाएकीं बंद केल्यास महिनोन्‌महिने थकवा व घोर उदासीनता येऊं शकते. यासाठीं त्यास अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे न्यावें, बाटली सोबत न्यावी आणि रक्ताची व हृदयाची तपासणी करवून घ्यावी. दोन महिन्यांत भराभर वाढलेलें वजन, पाठीवर व खांद्यांवर उठलेल्या पुटकुळ्या, उगाच येणारा संताप, छातीवर आलेली सूज, हीं लक्षणें घरांतील स्त्रियांनाही सांगून ठेवावींत. कपाट आवरतांना ती बाटली बहुधा आईच्याच हातीं लागते.