नवे इंजिन, पहिला तास

रिक्षा किंवा फटफटी नवी घेतली की पहिले काही शे किलोमीटर ती सांभाळून चालवावी लागते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पूर्वी गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग-इन' लिहिलेलेही दिसे. पण मुठीत मावणाऱ्या इंजिनालाही असेच रुळवावे लागते, हे आम्हाला मुलामुळे कळले; आणि तेही नुकसान करून.

नागपुरात २ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन एनसीसी आहे. हवाई शाखेच्या छात्रांना विमानाच्या प्रतिकृती बनवण्याचे व उडवण्याचे शिक्षण मिळते. आमच्या मुलाला तो नाद लागला, तेव्हा बोनसमधून आम्ही त्याला एक लहान इंजिन घेऊन दिले. त्याने पंखा बोटाने फिरवून पाहिला. फिरता फिरता दट्ट्या वर टोकाला आला की अडे. "बाबा, हे जाम आहे का?" त्याने विचारले. आम्ही आयुष्यभर रिक्षाची इंजिने खोललेली. म्हटले, नवे आहे, घट्ट असणारच. भरपूर पेट्रोल पाजून थंड थंड चालवू, आपोआप मोकळे होईल.

पेट्रोल हा शब्द सवयीने आला. या इंजिनात मिथेनॉल जाते, त्यात एरंडेल आणि थोडे नायट्रोमिथेन. होय, आजी चमचाभर पाजायची तेच एरंडेल, फक्त खास शुद्ध केलेले. वंगण वेगळे नसते, इंधनातूनच मिळते. म्हणून तेल कमी असलेले स्वस्त इंधन नव्या इंजिनाला देऊ नये. सुमारे २० टक्के तेल हवे.

चार रविवार आम्ही ते ओल्या मिश्रणावर फटफट करीत चालवले. पाचव्या रविवारी पंखा फिरवला, तर वरची अडखळ गेली होती. आम्ही खूश! पण इंजिनात दमच उरला नव्हता. दाब निसटत होता.

चूक अशी. इंजिने दोन जातींची असतात. एकात दट्ट्यावर रिंग असते, आपल्या फटफटीसारखी. त्याला खरोखर ओले मिश्रण द्यावे, दोन-तीन मिनिटे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि टाकीमागून टाकी सुई थोडी थोडी आवळत जावी. दुसऱ्याला एबीसी म्हणतात: ॲल्युमिनियमचा दट्ट्या, पितळेची नळी, तिच्यावर क्रोमचा मुलामा. ही नळी मुद्दाम वरच्या बाजूला किंचित अरुंद केलेली असते. इंजिन तापले की वरचा भाग जास्त फुगतो आणि दट्ट्याला नेमकी जागा होते. म्हणजे ती अडखळ दोष नव्हे. असे इंजिन थंड ठेवून चालवले तर दट्ट्या अरुंद जागेत घासत राहतो आणि झिजतो. आमचे एबीसी होते. डब्यातले पत्रक आम्ही वाचलेच नव्हते.

एबीसी इंजिन पहिल्या टाकीपासूनच चांगले तापू द्यावे. मिश्रण पूर्ण वेगाच्या जरा अलीकडे, किंचित ओले. आवाज अडखळत 'फट-फट' येत असेल तर सुई थोडी आवळावी. सलग सूर लागला की तिथेच थांबावे. बारीक चिरका आवाज येऊन वेग पडू लागला, तर मिश्रण कोरडे झाले. ताबडतोब सुई सैल करावी. आणि थंड इंजिन हौसेने हाताने फिरवत बसू नये.

पालकांनी हे मात्र स्वतः पाहावे. इंजिन हातात किंवा शिकंज्यात न धरता जाड फळीवर स्क्रूने पक्के बसवावे. पंखा मिनिटाला १०,००० च्या वर फिरतो; बोट उडायला वेळ लागत नाही. रबर चढवलेल्या काठीने सुरू करावे, सुई मागून फिरवावी, पंख्याच्या रेषेत कोणीही, विशेषतः धाकटी पोरे, उभी राहू नयेत. मिथेनॉल पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. मे महिन्यात आम्ही सकाळी सातच्या आत उरकतो, तेही धूळ नसलेल्या फरशीवर.

दुसरे इंजिन घ्यायला आम्हाला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावे लागले. या वेळी पत्रक मुलाने मोठ्याने वाचले, आम्ही ऐकले. आता काम झाले की तो नळी काढून उरलेले इंधन जाळून टाकतो, आत तेलाचे चार थेंब सोडतो आणि इंजिन जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतो. सुईला आम्ही हात लावत नाही.